ठकठककाकांचा कौल

रिकाम्या घराचं कुलूप उघडलं की ठकठककाका लगेच आत जात नसत. उंबऱ्यातच उभे राहून डोळे मिटायचे आणि छाती भरून श्वास घ्यायचे. मागे जिन्यात खोळंबलेल्या नवरा-बायकोला वाटायचं, दार अडवून हा माणूस करतोय तरी काय. मग काका बाजूला होत आणि म्हणत, “आता तुम्ही घ्या. रंगाचा वास आला तर विचारा, आत्ताच का काढला. ओलीचा आला तर परत फिरा. आणि अत्तराचा आला तर माझी वाट न बघता पळा.”

गिऱ्हाईक हसायचं. पहिलं हशा घेणारं वाक्य पडलं की पुढचा प्रवेश सोपा जातो, हे काकांना कुणी शिकवलं नव्हतं, उपजतच होतं. पण तो नुसता खेळ नव्हता. घरांचे एजंट पैशाला पासरी असतात. काका मात्र घर विकायच्या आधी त्याची कुंडली मांडायचे. मधलं बोट वाकवून खोलीच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि कमरेपासून डोक्यापर्यंत सगळी भिंत ठोकत जायची. ठक, ठक, ठक. गिलावा विटांना धरून असेल तर आवाज आखूड आणि घट्ट येतो. आतून सुटला असेल तर डब्यासारखा वाजतो. बोटाला घट्टा पडला होता. खरं नाव घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, सगळ्यांचे ते ठकठककाका.

“लोक म्हणतात भिंतीला कान असतात,” काका सांगायचे. “खोटं. भिंतीला तोंड असतं. कान आपण न्यायचे असतात.”

दोन दुकानांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, न जुळणाऱ्या खुर्च्या आणि मागे फळीवर टांगलेल्या चाव्या. तिथे बसून ते येणाऱ्याला जे फुकट सांगायचे, त्यावर दुसऱ्या एखाद्याने बंगला बांधला असता. घर एकदा बघून ठरवू नका, म्हणायचे. एकदा भर उन्हात बघा आणि एकदा पाणी यायच्या वेळेला. सगळे नळ एकदम सोडा, मग कुठल्या नळाची धार बारीक होते ते बघा. भिंतीतल्या कपाटात हात घालून मागची बाजू चाचपा. घरमालक रंग देतो तो दिसेल तिथे, कपाटाच्या पोटात देत नाही. आरसा किंवा तसबीर विचित्र जागी टांगली असेल तर उचलून बघा. चारांतली एकच भिंत नवी रंगवली असेल तर तिच्यापाशी थांबा. घराची चौकशी घरमालकाकडे करू नका, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडे करा, तिला सगळ्या बिल्डिंगच्या पोटात काय ते ठाऊक असतं. आणि जमिनीवर बसून बघा. माणसं घर उभ्याने बघतात आणि मग जन्मभर त्यात बसून काढतात.

“कागद?” कुणीतरी विचारायचं.

“कागद मला दाखवू नका, वकिलाला दाखवा. एजंटला कागद दाखवणं म्हणजे मांजराला विचारणं, दूध नीट झाकलंय का. मी तेवढंच सांगतो, वारस किती ते मोजा. एखादी बहीण लांब असते, तिला कुणी विचारलेलं नसतं, आणि सामान लावून झाल्यावर ती दारात उभी राहते.”

दोन गोष्टी मात्र ते बोट रोखून सांगायचे. पहिल्या फेरीला लेकराला नेऊ नका. लेकरू आपली खोली निवडून मोकळं होतं, आणि मग आई-बापाच्या डोळ्यांना त्या खोलीतलं काही वाईट दिसेनासं होतं. दुसरी म्हणजे, ‘दुसरं गिऱ्हाईक जिन्यात उभं आहे’ असं मालक म्हणाला की समजा, जिन्यात त्याचा मेव्हणा उभा आहे.

इतक्या लोकांना घरं दिली, पण स्वतः काका भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. प्रत्येक घरात त्यांना काहीतरी दिसायचंच. बायको म्हणायची, “अहो, असं प्रत्येकात खोट काढत बसला असता तर माझ्याशी तरी लग्न कसं केलंत?” त्यावर काका म्हणायचे, “तेव्हा ठोकून बघायची पद्धत नव्हती.” ही जुगलबंदी इतकी जुनी होती की दोघंही ती न हसता करायचे.

त्यांना एकच लेक. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांच्या चुका शोधायची. बापाच्या वळणावर गेली, म्हणायचे लोक. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, अबोल आणि हाताचा पक्का. त्यांची छोकरी नुकती शाळेत जायला लागली होती. त्या तिघांना घर घ्यायचं होतं. बापाकडे, आजोबाकडे, कुणाकडे कधी स्वतःच्या नावाचं दार नव्हतं. लेकीने हट्टच धरला होता, माझ्या मुलीच्या पत्त्यात घरमालकाचं नाव नको.

याच सुमारास काकांचा कान जाऊ लागला.

आधी गेले बारीक आवाज. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून काकांनी सेल बदलला, मग दुसरा आणला, मग दुकानदाराशी भांडून आले. बायको म्हणाली, “अहो, घड्याळ चालू आहे.” काकांनी जवळ जाऊन पाहिलं. काटा फिरत होता. नंतर चाव्यांची किणकिण गेली, गळक्या नळाचा थेंब गेला, नातीचं कानातलं गुपित गेलं. ती पुटपुटायची आणि काका डोळे मोठे करून “अरे बापरे” म्हणायचे. तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं.

बायकोने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि ते आता त्यांना सोपं जात होतं. घरी आल्यावर म्हणाले, “चष्मा लावलेला ड्रायव्हर चालतो गं. कानात यंत्र घातलेला ठकठक कुणाला चालेल? लोक म्हणतील, यांची भिंत बॅटरीवर वाजते.”

“मग बाहेर पाटी लावा,” ती म्हणाली. “इथे ठोकून मिळेल, ऐकून मिळणार नाही.”

थट्टा केली, पण दुसऱ्या दिवसापासून पायात चपला घालून ती त्यांच्याबरोबर घरं दाखवायला निघाली. गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहायची आणि काकांकडे तोंड करून प्रश्न हळूच परत बोलायची. “अहो, ते पाण्याचं विचारताहेत.” “अहो, त्या म्हणताहेत गच्ची कुणाची.” विंगेत पोथी घेऊन उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरसारखी. प्रेक्षकाला कळत नाही, नट अडखळत नाही आणि खेळ चालू राहतो. भिंतींचंही ती करायची. काका ठोकायचे, ती ऐकायची, आणि पोकळ वाजलं की खोकायची. गिऱ्हाईक म्हणायचं, काकूंना धुळीचा त्रास दिसतो.

पण ती काही रोज येऊ शकत नव्हती. तिचे गुडघे कुरकुरत, घरी कामं असत. तेव्हा काका एकटेच जायचे आणि एकटेच ठोकायचे. सगळ्या भिंती सारख्याच लागायच्या. त्यांनी मनाची समजूत घातली होती की आजकालच्या भिंतीच अशा मुक्या असतात. वास होता, डोळे होते, हात होता. निभत होतं.

लेकीने ते घर शोधलं तेव्हा बायको तापाने अंथरुणाला खिळली होती. काकांनी आधी चार-दोन नव्हे, कितीतरी घरं नापास केली होती, आणि लेक आता थकली होती. ती म्हणाली, “बाबा, शेवटचं. तुम्ही ठोका. तुम्ही हो म्हणालात तर टोकन देऊन टाकतो.” काका म्हणाले, आईला बरं वाटू दे, मग जाऊ. लेक म्हणाली, आईचं काय काम तिथे?

काकांपाशी या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. ते त्यांनी दिलं नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मागची खोली उजेडाची, खिडकीबाहेर एका शाळेचं मैदान. आणि लेकीने छोकरीला बरोबर आणलं होतं. जन्मभर बापाच्या तोंडून ऐकलेला नियम मोडून आणलं होतं. छोकरीने त्या मागच्या खोलीत जाऊन दोन्ही हात पसरले आणि ‘माझी’ म्हणून टाकलं. तेवढा शब्द काकांना तिच्या ओठांवरून समजला.

काकांनी उंबऱ्यात वास घेतला. कपाटं चाचपली. नळ सोडले. मागच्या खोलीत आले तर मैदानाकडची भिंत नवी रंगवलेली, बाकीच्या तीन जुन्या. ते थांबले. मालकाला विचारलं, हीच का रंगवली? मालकाच्या मिशा भरघोस होत्या आणि त्यांच्या आड तो काहीतरी बोलला. काकांना एक अक्षर लागलं नाही. त्यांनी मान हलवली. ऐकू न येणारा माणूस मान हलवतो, नाही म्हणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. लेकीने ती मान पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. मग मालकाने दाराकडे बोट दाखवून आणखी काही सांगितलं, आणि लेक घाईने बापाजवळ येऊन मोठ्याने म्हणाली, “बाबा, दुसरे लोक खाली येऊन थांबलेत म्हणे.”

मेव्हणा, काकांच्या मनात आलं. उद्या परत येऊ, असं म्हणायला तोंड उघडलंही. पण लेक, जावई आणि छोकरी, तिघंही त्यांच्या बोटाकडे बघत होती. काकांनी बोट वाकवलं आणि भिंत ठोकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पूर्वीसारखी, मान तिरकी करून. ठक ठक हाताला लागत होती, कानापर्यंत येत नव्हती. त्यांनी तळवा टेकवला. भिंत गार होती, पण सगळ्याच भिंती गार असतात.

“भरीव आहे,” काका म्हणाले.

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, घर चांगलं आहे. तिने तापलेल्या डोळ्यांनी विचारलं, “ठोकलंत?” काका म्हणाले, ठोकलं. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही.

काही महिने चांगले गेले. दारावर पितळेची पाटी लागली. काका येता-जाता तिच्यावरून रुमाल फिरवायचे. मग मागच्या भिंतीच्या रंगाला फोड आले. पोपडे निघाले. छोकरी झोपेत खोकू लागली, आणि डॉक्टर म्हणाले, हिला त्या खोलीतून हलवा. हलवायच्या आतच, एके सकाळी ती शाळेत असताना गिलाव्याचा दरवाजाएवढा तुकडा सुटला आणि तिच्या गादीवर आडवा पडला.

निरोप मिळताच काका-काकू धावले. काका त्या उघड्या भिंतीसमोर उभे राहिले. कान गेले होते, डोळे शाबूत होते. विटा भिजल्या बिस्किटासारख्या झालेल्या. सांध्यांतून पांढरा क्षार फुललेला, त्यावर काळं, त्यावर पुन्हा पांढरं, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखं. मध्ये कुणीतरी सिमेंट थापून झाकलेलं, त्यामागे पुन्हा ओल. ही दुखणी वर्षानुवर्षांची असतात. त्यांनी ठोकली त्या दिवशी ही भिंत डब्यासारखी वाजली असणार. खोलीतल्या कुणालाही कळलं असतं, फक्त काय ऐकायचं ते ठाऊक हवं होतं. आणि ज्याला ते ठाऊक होतं त्याला ऐकू येत नव्हतं.

जावई विटेचा भुगा बोटांत चोळत म्हणाला, “हे आजचं नाही.”

“मग कधीचं?” लेक म्हणाली. “बाबांनी स्वतः ठोकली होती. तेव्हा भरीव होती. म्हणजे नंतर झालंय. म्हणजे वरून येतंय.”

तिचा हिशोब अगदी बिनचूक होता. फक्त पहिला आकडा चुकला होता, आणि तो बापाने दिला होता.

वर एक शिवणकाम करणारी बाई राहायची, एकटी. तिची न्हाणी बरोबर त्या भिंतीवर यायची. लेक वर गेली, बोलणं झालं, मग वादावादी झाली. लेक खाली येऊन म्हणाली, ऐका, कशी मशीन चालवत बसलीय, काही झालंच नाही असं. काकांनी छताकडे पाहून मान हलवली. बाई सांगत होती की माझे पाइप मी बदलून घेतलेत, थेंब गळत नाही. पण आधीच्या मालकाने घर विकून गाव सोडलं होतं, त्याचा फोन लागत नव्हता. जो सापडत नाही त्याचा राग जो सापडतो त्याच्यावर निघतो. बिल्डिंगच्या कमिटीने बैठक बोलावली. ठराव तयारच होता. बाईने न्हाणी फोडून घ्यावी आणि खालच्यांची भिंतही तिनेच बांधून द्यावी. बाईजवळ ती राहती खोली आणि शिलाई मशीन यांखेरीज काही नव्हतं. न्हाणी फोडून भिंत बांधायची तर तिला ती खोली विकावी लागली असती.

फक्त एक साक्ष हवी होती. अध्यक्ष स्वतः काकांच्या ऑफिसात आले. त्यांचंही घर काकांनीच दिलेलं. म्हणाले, तुम्ही फक्त एवढं सांगा की घर घेतलं तेव्हा भिंत भरीव होती. तुमचा शब्द म्हणजे पंचनामा.

ते गेल्यावर काकू बराच वेळ चाव्या पुसत राहिल्या. मग काकांच्या जवळ येऊन, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “मी खोकायला नव्हते ना तिथे.”

“लेकीचं घर आहे गं,” काका म्हणाले.

“वरचीचंही घरच आहे.”

बैठक तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. लेक पुढच्या रांगेत बसली होती, पाठ ताठ करून. बापाच्या शब्दाला पहिल्यांदाच एवढा मोठा रंगमंच मिळाला होता आणि तिला तो मिरवायचा होता. शिवणवाली खांबाला टेकून उभी, गळ्यातली मोजपट्टी काढायचीही विसरलेली. अध्यक्ष बोलले. लांबलचक बोलले. काकांना त्यांचे फक्त हात दिसत होते. मग सगळे चेहरे काकांकडे वळले.

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, “ते विचारताहेत, तुम्ही ठोकलीत तेव्हा भिंत भरीव होती का.”

लेक मान डोलवत होती, हो म्हणा, हो म्हणा. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द काकांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा उच्चारला होता की तो आपोआप जिभेवर आला. त्यांनी तो गिळला.

“मला माहीत नाही,” काका म्हणाले. आपला आवाज केवढा आला याचा त्यांना अंदाज नव्हता. तो फार मोठा आला. “मी ठोकली. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येतच नाही, पुष्कळ दिवस झाले. ती भिंत तेव्हाही पोकळच असणार. या बाईंचा काही संबंध नाही.”

शिवणवालीने तोंडावर पदर धरला. कुणी टाळी वाजवली नाही, अशा प्रवेशाला वाजत नाही. काकांनी लेकीकडे पाहिलं. मुद्रितात एखादी चूक छापून गेल्यावर दिसली की माणूस पानाकडे जसा बघतो तशी ती बापाकडे बघत होती. मग तिचे ओठ हलले आणि ते शब्द काकांना वाचता आले. “आणि मी आईचं काय काम म्हणाले.”

खुर्च्या हलू लागल्या. लोक उठले, पण घरी जाऊन ते स्वस्थ बसले नाहीत. त्या बिल्डिंगमध्ये, शेजारच्या बिल्डिंगमध्ये, पलीकडच्या गल्लीत, काकांनी घर दिलेल्या ज्याच्या ज्याच्या कानावर हे गेलं तो तो उठला आणि आपल्या भिंती ठोकू लागला. नवरे ठोकत होते, बायका कान लावत होत्या. काका-काकू रस्त्याने परतत होते आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या खिडक्यांतून माणसं भिंतीकडे तोंड करून उभी दिसत होती. काका मध्येच थांबले.

“येतोय का आवाज?” त्यांनी विचारलं.

“येतोय,” काकू म्हणाल्या.

काकांनी ऑफिस बंद केलं, म्हणजे आपणहून केलं असं नाही, गिऱ्हाईकच येईना. चाव्या ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. कुणी काही लागट बोललं असेल तर ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. लेकीचं घर विकायला काढावं तर घेणार कोण, सगळीकडे बभ्रा झालेला. भिंत बांधायला काढली तर मिस्त्री म्हणाला, हिच्यावर वरचा भार आहे, सगळी मागची बाजू खालपासून टेकू लावून पेलावी लागेल, आणि त्याला बिल्डिंगमधले बाकीचे तयार नव्हते. शेवटी मुलीच्या छातीसाठी त्यांनी दुसरीकडे भाड्याने दोन खोल्या घेतल्या. स्वतःच्या घराचे हप्ते चालू आणि राहायचं लोकाच्या घरात.

सामान हलवायच्या दिवशी काका-काकू मदतीला गेले. जावयाने ताडपत्री मारून ती भिंत झाकली होती. तो काकांशी नीट बोलला, खुर्ची दिली, आणि कान देऊन बसावं लागणार नाही इतकं थोडं बोलला. छोकरी आजोबांच्या कानाशी येऊन काहीतरी पुटपुटली. काका “अरे बापरे” म्हणाले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं, “बाळा, आजोबांना ऐकू येत नाही.” तिने थोडा वेळ विचार केला, आणि आपलं गुपित घेऊन आजीकडे गेली.

लेक मागच्या खोलीत एकटी होती. काका दारात जाऊन उभे राहिले. ती खिडकीतून मैदानाकडे बघत पडदे उतरवत होती, पाठमोरी. ते आल्याचं तिला कळलं असावं, कारण हात थांबले. आणि ती बोलू लागली. बाहेर बघतच बोलू लागली, थांबून थांबून, बरंच. तिचे खांदे वर गेले, खाली आले. एकदा तिने मान हलवली. शिव्या होत्या की माफी होती की नुसतं पडद्यांच्या कड्यांविषयी काही होतं, काकांना मागून कळायला मार्ग नव्हता. तिला थांबवून, माझ्याकडे तोंड कर, असं म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. एवढं एक तरी तिला पुरतं बोलू द्यावं, असं वाटलं.

बोलणं संपलं. तिने पडदे खांद्यावर टाकले आणि त्यांच्या बाजूने, त्यांच्याकडे न बघता बाहेर गेली.

काकू दाराबाहेरच, कपाटाशी चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“काय म्हणाली ती?”

काकूंनी चादरीची टोकं जुळवली. पुन्हा उलगडली, पुन्हा जुळवली. काका त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. घरं, गच्च्या, पाणी, भिंती, परक्यांचं सगळं या बाईने त्यांना शब्दन्‌शब्द पोचवलं होतं, कधी एक अक्षर गाळलं नव्हतं.

“चला,” काकू म्हणाल्या. “टेम्पोवाला केव्हाचा हॉर्न वाजवतोय.”